तिच्या वतीनं कोण बोलणार

हयवदन कोर्टाकडून परतला तो चपला न काढताच थेट मागच्या अंगणात आला. राजलक्ष्मी तिथे धुण्याच्या दगडावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. उजव्या कोपराखाली शेंग दाबून धरायची आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं फोडायची, अशी तिची रीत पडून गेली होती. उजवा हात अपघातापासून नुसता लोंबायचा.

"राजी, परवा मी सही करून टाकतो," हयवदन म्हणाला. "तुला कोर्टात यायची गरजच पडणार नाही."

तिनं मान वर करून भावाकडे पाहिलं.

"तुझ्या वतीनं पालक म्हणून मी उभा राहायचं आणि चंद्रकांतरावांच्या मागणीला हरकत घ्यायची नाही, एवढंच. त्यांना घटस्फोट मिळेल. तू इथे आमच्यापाशी सुखानं राहशील. कुणी तुझ्या वाटेला जाणार नाही."

आणि नीरजा? माझी मुलगी? हे शब्द राजलक्ष्मीच्या डोक्यात लख्ख उभे होते. तिनं तोंड उघडलं. घशापर्यंत आलेलं वाक्य तिथेच कुठेतरी विरघळलं आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"हो."

"हो ना?" हयवदनला हायसं वाटलं. "मला वाटलंच होतं तू समजून घेशील."

ती जोरजोरात नकाराची मान हलवू लागली, आणि तोंड मात्र म्हणत राहिलं, "हो, हो, हो." नाही म्हणायला जावं तर हो निघायचं, हो म्हणायला जावं तर नाही. तीन वर्षं हे असं चाललं होतं. हयवदननं तिच्या डोक्यावर थोपटलं, "बरं बरं, चिडू नकोस," म्हणाला आणि आत गेला. सूप तिच्या मांडीवरून सरकलं, सगळे दाणे फरशीवर सांडले.

बळेपेटेतल्या नरसिंहरावांची ही धाकटी लेक. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचंच. घरात मराठी बोलायचे, पण त्या मराठीत निम्मं कानडी मिसळलेलं असायचं आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. राजलक्ष्मी लग्नाआधी मुलींच्या कानडी शाळेत शिकवायची. बोलायला लागली की थांबायची नाही. वर्गातल्या मुली तिची नक्कल करायच्या आणि ती त्यांच्याहून मोठ्यानं हसायची.

लग्न झालं ते पुण्याहून आलेल्या इंजिनियरशी. चंद्रकांतला विमानतळाकडच्या एका सरकारी कारखान्यात नोकरी होती, राहायला क्वार्टर होतं. माणूस अबोल आणि सरळ. राजलक्ष्मीची बडबड त्याला आवडायची. तीच त्याच्या वाटचंही बोलायची. नीरजा झाली, तीन वर्षांची झाली, आणि सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात एका रविवारी ती दोघं मोटरसायकलवरून बेळ्ळंदूरच्या तळ्यावर फिरायला गेली. नीरजाला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. परतताना मारतहळ्ळी गावाजवळ आडरस्त्यानं एक बैलगाडी समोर आली. चंद्रकांतला खरचटलं. राजलक्ष्मी मागच्या सीटवरून उडाली आणि तिचं डावं कानशील दगडावर आपटलं.

कित्येक आठवड्यांनी ती हॉस्पिटलातून घरी आली तेव्हा तिला सगळं कळत होतं. घर कळत होतं, माणसं कळत होती, दुधाला उशीर झालेला कळत होता. फक्त शब्द नव्हते. डोक्यातला शब्द जिभेवर येईपर्यंत त्याचं दुसरंच काही होऊन जायचं, आणि घाई केली तर नुसता घोगरा आवाज निघायचा. चंद्रकांत तिच्या तोंडाकडे पाहायचं टाळू लागला. घर सांभाळायला त्याची मोठी बहीण प्रमोदिनी पुण्याहून आली. शिस्तीची बाई, वाईट नव्हती. पण भ्यायली होती. एकदा नीरजा जिन्यावरून खाली वाकत होती. राजलक्ष्मीनं तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि निघाली ती एक किंकाळी. पोर दचकून रडायला लागली. प्रमोदिनीनं तिला उचललं, खोलीत नेलं आणि आतून कडी घातली.

त्यानंतर 'थोडे दिवस विश्रांतीला' म्हणून राजलक्ष्मीची रवानगी भावाकडे झाली. ते थोडे दिवस संपलेच नाहीत. लेक एकदाही भेटली नाही. आणि साठ साली कोर्टाचा कागद आला. नव्या विवाहकायद्यात एक कलम होतं: जोडीदार सलग तीन वर्षं बरा न होणारा वेडा असेल, तर घटस्फोट मागता येतो. चंद्रकांतनं तो मागितला होता. सोबत एका डॉक्टरचा दाखला होता. मुलीचा ताबाही त्यानं मागितला होता.

हयवदन दुष्ट नव्हता. त्याला फक्त प्रकरण गुपचूप मिटायला हवं होतं. त्याची मुलगी क्षमा लग्नाची झाली होती. आत्या वेडी की शहाणी यावर भर कोर्टात वाद झाला तर तिला कोण करून घेणार, ही चिंता त्याला खात होती. शिवाय चंद्रकांतच्या वकिलांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "विरोध केलात तर बाईंना तपासणीसाठी वेड्यांच्या इस्पितळात ठेवायची मागणी आम्हाला करावी लागेल." ते ऐकल्यापासून त्याची झोप उडाली होती.

दाणे सांडल्याचा आवाज ऐकून शेजारची नंजम्मा आली. अंगणाच्या पलीकडच्या खोलीत ती एकटी राहायची, देवळासाठी फुलांच्या माळा करायची. तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. ती राजलक्ष्मीशी पहिल्यापासून कानडीत बोलायची, आणि बोलून झालं की उत्तराची वाट पाहत माळ गुंफत बसायची. उत्तर आलं तर आलं, नाही आलं तर नाही. गेल्या पावसाळ्यात एक दिवस तिनं विचारलं होतं, "कॉफी हवी का, राजम्मा?" आणि राजलक्ष्मीच्या तोंडून स्वच्छ शब्द पडला होता, "बेकु." हवी. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या होत्या. मग हळूहळू 'बेड' आला, म्हणजे नको. नीरु आलं, म्हणजे पाणी; हूवु आलं, म्हणजे फूल. घरची भाषा गेली होती. शाळेची, बाजाराची, गल्लीची भाषा परत येत होती, एकेक शब्दानं. घरच्यांनी ते ऐकलं होतं, पण ती काहीतरी बरळते असंच त्यांना वाटलं. ते तिच्याशी मराठीतच बोलायचे, तेही हल्ली क्वचितच.

"काय झालं?" नंजम्मानं दाणे गोळा करत विचारलं.

राजलक्ष्मीनं घराकडे बोट दाखवलं. शब्द शोधायला तिला खूप वेळ लागला. "अण्णा... सही," ती म्हणाली. मग कपाळावर आठ्या घालून, ढकलल्यासारखं, "बेड."

नंजम्मानं दाण्यांचं सूप तिच्या मांडीवर ठेवलं. "मग त्याला सांग."

सांगणं जमलं नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी हयवदन वकिलांकडे जायला निघाला, तेव्हा राजलक्ष्मी पायात चपला चढवून दारात उभी होती. वहिनी पद्मावतीनं तिला आत न्यायचा प्रयत्न केला. तिनं डाव्या हातानं चौकट अशी घट्ट धरली की शेवटी हयवदन वैतागून म्हणाला, "येऊ दे. बसेल कोपऱ्यात."

भीमाचार्य हे चामराजपेटेतले म्हातारे वकील, नरसिंहरावांचे स्नेही. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं ऑफिस होतं. त्यांनी संमतीचा कागद वाचून पाहिला, शाईची पेटी पुढे ओढली आणि म्हणाले, "हिच्या वतीनं तू सही कर. हिचाही अंगठा घेऊन ठेवू या."

त्यांनी राजलक्ष्मीचा हात धरायला हात पुढे केला. तिनं हात पाठीमागे लपवला.

"राजी, नुसता अंगठा द्यायचाय," हयवदन म्हणाला.

"हो," ती म्हणाली, आणि हात तसाच पाठीमागे.

"बघा, हे असं आहे. हो म्हणते आणि—"

"थांब जरा." भीमाचार्यांनी चष्मा वर केला. ती काय बोलते याकडे त्यांचं लक्ष नव्हतं, ते तिच्या लपवलेल्या हाताकडे पाहत होते. जन्मभर अशिलांशी ज्या भाषेत बोलले त्याच भाषेत त्यांनी विचारलं, "सही नको का तुला, अम्मा?"

कानडी कानावर पडताच तिच्या चेहऱ्यावरचा ताण किंचित सैल झाला. "बेड," ती म्हणाली. हयवदननं चमकून पाहिलं. तिनं भावाकडे बोट केलं. "अण्णा बेड." मग तेच बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. ओठ हलत राहिले. भीमाचार्य थांबले होते. "नानु," ती म्हणाली. मी.

भीमाचार्यांनी शाईची पेटी मिटली.

"हयवदन, हे मला आधीच विचारायला हवं होतं. कायदा असा आहे की कुणाला वेडं म्हणणारे गावात कितीही असोत, कोर्टानं स्वतः त्या माणसाला समोर बोलावून, चौकशी करून, याला स्वतःचं हित कळत नाही असं ठरवल्याशिवाय त्याच्या जागी दुसरा उभा राहू शकत नाही. तू नाही आणि मीही नाही."

"पण डॉक्टरांचा दाखला आहे ना!"

"तो पुरावा झाला. निकाल नव्हे."

"आणि चौकशीत ती अशीच अडखळली तर?"

भीमाचार्यांनी संमतीचा कागद बाजूला सारला. मग खुर्ची राजलक्ष्मीकडे वळवून त्यांनी तिलाच सांगितलं, कानडीतून, सावकाश. "तू उभी राहिलीस आणि जमलं नाही, तर कोर्टाच्या शिक्क्यानं तू वेडी ठरशील. मग घटस्फोट, मुलगी, तू कुठे राहायचं, सगळं दुसरे ठरवतील. इस्पितळात टाकतो म्हणाले तर अडवणं अवघड जाईल. सही केलीस तर मुलगी जाईल, पण घर राहील. कळलं का?"

तिला कळलं. हयवदन अजिजीनं तिच्याकडे पाहत होता.

"कोर्टु," ती म्हणाली.

तारीख पडेपर्यंत भीमाचार्य अधूनमधून संध्याकाळी यायचे आणि अंगणात बसून तिला प्रश्न विचारायचे. नंजम्मा माळ गुंफता गुंफता ऐकायची. सुरुवातीला बरं चाललं. मग दिवस जवळ येऊ लागले तशी राजलक्ष्मीचं बोलणं बिघडू लागलं. आदल्या संध्याकाळी तर तिला स्वतःचं नावही आलं नाही. ती डाव्या हाताच्या मुठीनं मांडीवर मारत राहिली. भीमाचार्य उठले, जाताना हयवदनला दारात हळूच म्हणाले, "उद्या जमलं नाही तर मला दोष देऊ नकोस, आणि तिलाही नको."

कोर्टाच्या व्हरांड्यात चंद्रकांत उभा होता. केस पिकायला लागले होते. शेजारी प्रमोदिनी, हातात पिशवी घट्ट धरून. राजलक्ष्मी समोरून गेली तेव्हा चंद्रकांतनं मान फिरवली. तिनं त्यांच्या मागे पाहिलं, खांबाआड पाहिलं. नीरजाला आणलं नव्हतं.

आत वकिलांची इंग्रजी बोलणी झाली. न्यायाधीश मध्यमवयीन, थकल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. चंद्रकांतचे वकील म्हणाले, बाईंची मातृभाषा मराठी आहे, म्हणून मराठी जाणणारा दुभाषा आणला आहे. न्यायाधीशांनी मान हलवली. राजलक्ष्मी पिंजऱ्यात चढली. कठड्याला धरायला एकच हात कामाचा होता, तो घामानं सटकत होता.

"तुमचं नाव काय?" दुभाष्यानं मराठीत विचारलं.

नाव होतं. जिभेच्या मागेच होतं. "पा..." ती म्हणाली. "पाट... हो."

"तुमचं नाव पाट?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. हयवदननं डोळे मिटून घेतले.

"तुम्हाला मूल आहे का?"

आहे, आहे, आहे! तिनं पूर्ण ताकदीनं म्हटलं, "नाही."

ते ऐकलं आणि तिला स्वतःलाच धस्स झालं. प्रमोदिनीनं पदर तोंडाला लावला. चंद्रकांतचे वकील खाली बसत न्यायाधीशांना म्हणाले, याहून अधिक विचारायची आपल्याला गरज वाटत नाही. स्वतःच्या पोटच्या पोरीची आठवण जिला नाही—

राजलक्ष्मी कठडा हलवू लागली. घशातून तो जुना घोगरा आवाज वर येत होता. तो आला असता तर सगळं संपलं असतं. तिनं दात आवळून धरले. भीमाचार्य उठून उभे राहिले होते आणि काहीतरी बोलत होते, पण तिला ऐकू येत नव्हतं. तिनं श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि नंजम्माच्या अंगणातली शांतता आठवायचा प्रयत्न केला.

"कन्नड," ती म्हणाली.

न्यायाधीशांनी लेखणी थांबवली.

"महाराज, हेच मी विनवतो आहे," भीमाचार्य म्हणाले. "डोक्याला मार बसला, तेव्हा हिची एक भाषा गेली. दुसरी थोडी परत आली आहे."

"माझी हरकत आहे," चंद्रकांतचे वकील उठले. "जी व्यक्ती मातृभाषाच विसरली, तिचं मन ठिकाणावर आहे असं म्हणायचं?"

"बाईंना समजतं की नाही, एवढंच मला पाहायचं आहे," न्यायाधीश म्हणाले. "ते कुठल्या भाषेत समजतं, हा प्रश्न कायद्यानं विचारलेला नाही." त्यांनी दुभाष्याला बसायला सांगितलं आणि स्वतःच कानडीत विचारलं, "घाई नाही, अम्मा. नाव सांगा."

ती बोलेपर्यंत बाहेर रस्त्यावरून एक घोड्याचा जटका टापा वाजवत गेला. "राज," ती म्हणाली. "राजलक्ष्मी."

"मूल?"

"मगळु. नन्न मगळु." माझी मुलगी. डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं हात कठड्यावरून काढला नाही. "नीरजा."

"हा खटला कशाबद्दल आहे, माहीत आहे?"

हे कठीण होतं. याला एक शब्द पुरणार नव्हता. तिनं एकेक शब्द जड वस्तू उचलून ठेवावी तसा ठेवला. "अवरु... नानु हुच्ची... अंतारे." ते म्हणतात मी वेडी आहे. हुच्ची म्हणताना तिनं चंद्रकांतकडे पाहिलं. "हुच्ची अल्ल." वेडी नाही. मग ओठांवर बोटं ठेवली. "मातु होयितु." बोलणं गेलं. बोटं कपाळावर नेली. "बुद्धि इदे." बुद्धी आहे.

न्यायाधीश लिहीत होते. कुणी हसलं नाही.

पण उलटतपासणी बाकी होती. चंद्रकांतच्या वकिलांना आपलं काम येत होतं. ते कानडीतच भराभर विचारू लागले. आज वार कोणता? महिना कोणता? शंभरातून सात गेले तर उरले किती? वार आला. महिना अर्धाच आला. आकडे तर तिच्या तोंडात कायमचे विसकटले होते. तिनं "हत्तु" म्हटलं, म्हणजे दहा; ते चुकीचं आहे हे कळूनही पुन्हा "हत्तु"च म्हटलं. वकिलांनी न्यायाधीशांकडे पाहून हात पसरले. प्रमोदिनी चंद्रकांतच्या कानाशी काहीतरी पुटपुटली.

"आणखी एक मीच विचारतो," न्यायाधीश म्हणाले. "तुम्हाला लागलं त्या दिवशी काय झालं होतं? आठवतं का?"

राजलक्ष्मी बराच वेळ गप्प उभी राहिली. इतका वेळ की न्यायाधीशांनी पुन्हा विचारायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं डावा हात पुढे करून मूठ वळवली, मोटरसायकलची मूठ पिरगाळावी तशी.

"गाडी," ती म्हणाली. "अवरु." आणि चंद्रकांतकडे बोट. मग, "नानु हिंदे." मी मागे. "धूळ... एत्तु." बैल. ती थांबली. धाप लागली होती. "निधान," ती म्हणाली. "निधान अंदे." हळू, असं म्हणाले मी. "निधान, निधान अंदे." मग कानशिलाला हात लावला आणि पुढे काही बोलली नाही.

चंद्रकांत खाली मान घालून बसला होता. त्याची मान आणखी खाली गेली.

भीमाचार्यांनी अर्जदाराला एकच प्रश्न विचारायची परवानगी मागितली. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली. आजची चौकशी बाईंची आहे, माझ्या अशिलाची नव्हे. न्यायाधीशांनी क्षणभर विचार केला. बाईंची आठवण खरी की खोटी, हे पडताळून पाहण्यापुरती त्यांनी परवानगी दिली. राजलक्ष्मीला खाली उतरवून बाकावर बसवलं आणि चंद्रकांत पिंजऱ्यात गेला. त्यानं शपथ घेतली.

"बाई आता म्हणाल्या ते खरं आहे का? गाडी हळू चालवा, असं त्या तुम्हाला म्हणाल्या होत्या?"

चंद्रकांतनं आपल्या वकिलांकडे पाहिलं. बहिणीकडे पाहिलं. हे तिसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. नाही म्हणाला असता तर कुणी सिद्ध करू शकलं नसतं, आणि एका वेडीची कल्पना म्हणून ते तिथेच विरलं असतं. राजलक्ष्मी त्याच्याकडे एकटक बघत होती. लग्नानंतर त्याच्या वाटचं बोलणारी ती. आज त्यालाच बोलावं लागणार होतं.

"म्हणाली होती," तो मराठीतच म्हणाला, दुभाष्याची वाट न पाहता. "पुन्हा पुन्हा म्हणाली होती. मी ऐकलं नाही." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, "तिच्याकडे पाहिलं की मला तेच ऐकू येतं."

न्यायाधीशांनी इंग्रजीत निर्णय सांगितला आणि कारकून तो लिहून घेत गेला. राजलक्ष्मीला आवाज ऐकू येत होता, पण अर्थ लागत नव्हता. ती भीमाचार्यांच्या तोंडाकडे बघत होती. म्हातारा वाकून तिच्या कानात कानडीत म्हणाला, "तुला पालक नको, म्हणतात. तुझं हित तुला कळतं. तुझ्या वतीनं तूच."

हयवदन पुढे येऊन तिच्यापाशी उभा राहिला. "मी... राजी, मी तर..." त्याला पुढे बोलता येईना, आणि या वेळी शब्द न सापडणारा तो होता.

काही आठवड्यांनी चंद्रकांतनं अर्ज मागे घेतला. पण मागे घेतला म्हणजे सगळं जागेवर आलं असं नव्हतं. राजलक्ष्मी पुन्हा त्या क्वार्टरमध्ये गेली नाही; त्यानं बोलावलंही नाही, आणि बोलावलं असतं तर ती "बेड" म्हणाली असती. कायद्यानं नैसर्गिक पालक बापच होता. भीमाचार्यांनी पुष्कळ खेपा घातल्या, तेव्हा कुठे रविवारी मुलगी आईकडे यायची असं ठरलं.

पहिल्या रविवारी प्रमोदिनी नीरजाला घेऊन आली. मुलगी सात वर्षांची झाली होती. आत्याच्या पदराआडून ती बघत राहिली. ही बाई ओरडते, असं तिला आठवत होतं. राजलक्ष्मी जवळ गेली नाही. ती दगडावर बसून राहिली, नंजम्माच्या टोपलीतली फुलं निवडत. प्रमोदिनी ताठ उभी होती. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं पदर सोडवून घेतला आणि ती पुढच्या खोलीत जाऊन बसली.

बऱ्याच वेळानं नीरजानं विचारलं, "तुला मराठी येत नाही?"

राजलक्ष्मीनं बोटांनी चिमूटभर दाखवलं. "स्वल्प."

"हे काय आहे?" मुलीनं फूल उचललं.

"हूवु."

"फूल," नीरजा म्हणाली. "म्हण."

"पू... पूल."

"पूल नाही! फूल!" आणि पोर हसली. राजलक्ष्मीही हसली, इतकी की नंजम्मानं खोलीतून डोकं बाहेर काढलं.

पुढच्या वर्षी निवडणूक आली. राजलक्ष्मी नंजम्माबरोबर मतदानाला गेली. रांगेतल्या एका ओळखीच्या गृहस्थानं अधिकाऱ्याला सांगितलं की या बाईंच्या डोक्यावर परिणाम झालेला आहे, यांना कशाला? अधिकाऱ्यानं तिला नाव विचारलं आणि गर्दीत तिला ते येईना. तो कागद बाजूला सारू लागला. तिच्या अंगाला पुन्हा तोच घाम सुटला, तोच कठडा हाताखाली असल्यासारखं वाटलं. पण भीमाचार्यांनी तिला सांगून ठेवलं होतं की कोर्टानं वेडं ठरवल्याशिवाय कुणाचं नाव यादीतून जात नाही. तिनं टेबलावर हात ठेवला. "कोर्टु केळि," ती म्हणाली. कोर्टाला विचारा. मागचे लोक कुरकुरू लागले तरी ती हलली नाही. शेवटी अधिकाऱ्यानं तिचं नाव यादीत शोधलं, नंजम्मानं ओळख पटवली, आणि तिच्या डाव्या हाताच्या बोटाला शाई लागली.

मराठी पूर्ण कधीच परतली नाही. दर रविवारी थोडी यायची, थोडी जायची. सहासष्ट साली चंद्रकांतची दुसऱ्या गावच्या कारखान्यात बदली झाली. जाण्याआधी तो हयवदनच्या घरी आला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. नीरजा त्याच्याबरोबर आली होती, बारा वर्षांची, दाराला टेकून उभी.

"नीरजाला नेऊ की इथे ठेवू?" तो हयवदनला म्हणाला. "तुमचं काय मत?"

हयवदन आपलं मत सांगायला लागला होता. राजलक्ष्मीनं त्याच्या दंडाला हात लावला. मग चंद्रकांतकडे वळून, एकेक शब्द तपासून घेत, मराठीत म्हणाली, "तिला... विचारा."

दोघे पुरुष दाराकडे पाहायला लागले. नीरजा लाजली, वेणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली की शाळा इथलीच बरी आहे, मैत्रिणी इथे आहेत. पण मोठ्या सुट्टीत आपल्याला बाबांकडे जायचं आहे, आणि सायकल मात्र कुणीतरी आत्ताच आणून द्यायला हवी, ती क्वार्टरच्या जिन्याखाली राहिली आहे.